बोर्डात लिहायचा नांगर

मूल वाचायचं थांबलं की बाई पुस्तकाच्या पानावर आपला तळहात पालथा ठेवायच्या. हात मोठा होता त्यांचा. अर्धंअधिक पान झाकलं जायचं. मग चष्म्यावरून बघत विचारायच्या, "हं. काय झालं?"

मूल बिचारं गोंधळायचं. आत्ताच तर वाचलं, आणि काय झालं म्हणजे काय? मग ते नुकतंच वाचलेलं शेवटचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. बाई मान हलवायच्या. "हे पुस्तक म्हणालं. तू ओठांनी वाचलंस. आता तू वाच." आणि हात उचलायच्या.

तुमच्याही शाळेत अशा एखाद्या बाई असतील तर पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. मूल पुन्हा वाचायचं, पहिल्यासारखंच, फक्त थोडं भरभर, म्हणजे एकदाची सुटका होईल. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. बाई पुन्हा हात ठेवायच्या. असं वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि मी रत्नागिरीत त्या शाळेत गणित शिकवायला लागलो तेव्हा बाईंची नोकरीची शेवटची काही वर्षं उरली होती.

आमची शाळा मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होती. अर्धी पोरं मांडवीच्या होडीवाल्यांची, अर्धी आजूबाजूच्या गावांतून एसटीनं येणारी. शिक्षकांच्या खोलीत मला आणि बाईंना मिळून एक टेबल होतं. एका बाजूला माझ्या भूमितीच्या वह्या, दुसऱ्या बाजूला त्यांचे निबंध. मधे सीमारेषा नव्हती, त्यामुळे त्यांचे निबंध माझ्याकडे सरकत आणि माझ्या डब्यातलं लोणचं त्यांच्याकडे.

बाई आल्या की आधी चपला काढायच्या, पाय टेबलाखालच्या आडव्या फळीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "चला, पालथ्या घड्यावर पाणी घालायची वेळ झाली." हे त्या इतक्या शांतपणे म्हणायच्या की कुणाला ते तक्रारीसारखं वाटायचं नाही. घंटा झाली म्हणावं तसं म्हणायच्या.

थकायला कारणं होती हो. पहाटे उठून पाणी भरा, स्वयंपाक करा, चढ चढून शाळेत या. यजमान मुंबईला कचेरीत. ते गणपतीला आणि मे महिन्यात यायचे, त्यामुळे घरचं-दारचं सगळं बाईंच्याच गळ्यात. वर सरकारी कामं. शिरगणती आली की मास्तर, मतदार याद्या आल्या की मास्तर, कुटुंबनियोजनाचं माणूस मिळवायचं तरी मास्तर. बाई म्हणायच्या, "या सगळ्यातून वेळ उरला तर शिकवायचं, असा नियम आहे बहुतेक. मला कुणी लेखी दिला नाही, पण आहे."

एक गोष्ट मात्र त्यांनी हेडसरांशी भांडून मिळवली होती. शनिवारी सकाळची शाळा असायची, तिचा शेवटचा तास वाचनाचा. त्या तासाला पाठ्यपुस्तक नाही, फळा नाही, प्रश्नोत्तरं नाहीत. एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात जुनी पुस्तकं. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यायचं आणि बसायचं. बाई खुर्चीत बसून स्वतः वाचायच्या. मी शेजारच्या वर्गातून डोकावायचो तर मागच्या बाकांवर पेंगणं चाललेलं असायचं, मधे कुणी तरी पुस्तकाआड चिंचा खात असायचं आणि बाई पान उलटत असायच्या.

मी चिडवायचो. म्हणायचो, बाई, तुमच्या तासाला पोरं झोप मात्र मन लावून काढतात. त्या म्हणायच्या, "झोपू देत. एखादा चुकून जागा राहील." एवढीच त्यांची मागणी होती. सगळा वर्ग नको, एक पोर. वाचलेलं ज्याच्या आत पोचलंय असं एक पोर निवृत्तीआधी बघायला मिळावं. ही गोष्ट त्यांनी मला एकदा नाही, शंभरदा सांगितली असेल. आणि एवढी साधी गोष्ट काही घडत नव्हती.

कारण गाईड. त्या काळी दहावीचं पोर म्हणजे बगलेत गाईड, हे ठरलेलंच. पाठ्यपुस्तक एक वेळ घरी विसरेल, गाईड नाही. बाईंनी एका पोराला हटकलं, काय वाचतोस रे? तो म्हणाला, उत्तर. कशाचं उत्तर? तर म्हणे, ते नाही बघितलं अजून.

त्या वर्षी दहावीच्या पुस्तकात देशावरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा धडा होता. मुलगे शहरात नोकरीला गेलेले. ते म्हाताऱ्याला न्यायला येणार असतात. शेवटच्या दिवशी म्हातारा शेतात जातो, बैल मोकळे करतो, आणि धड्याचं शेवटचं वाक्य असं होतं, की त्याने बांधाशी नांगर टाकला आणि तो शांतपणे खाली बसला. बस्स, धडा संपला. बाईंना हे वाक्य फार आवडायचं. गाईडात त्याचं उत्तर तयार होतं. या वाक्यातून म्हाताऱ्याची हताश आणि खचलेली मनःस्थिती दिसते.

सहामाहीला याच धड्यावरच्या एका प्रश्नात गंमत झाली. गाईडात छापताना चूक झाली होती. 'बैलांविषयी माया दाटून आली' असं हवं होतं, तिथे 'माशा दाटून आली' असं पडलं होतं. झालं. सगळ्या वर्गानं इमानेइतबारे लिहिलं, म्हाताऱ्याच्या मनात बैलांविषयी माशा दाटून आली. बाई एकेक पेपर उघडत होत्या आणि मला वाचून दाखवत होत्या. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. मग बाईंचं हसू ओसरलं, पण त्या चष्मा पुसतच राहिल्या. म्हणाल्या, "सर, बैलाच्या अंगावर माशा असतात, मनात कशा असतील, एवढंही एकाला वाटू नये?"

एक पोर त्यात नव्हतं, पण ते तेव्हा कळलं नाही. मांडवीची एक मुलगी होती, मंदा. घर मासेमारीवर चालणारं. सकाळी आईबरोबर टोपली बाजारात पोचवून मग शाळेत यायची, त्यामुळे उशीर ठरलेला. शेवटच्या बाकावर बसायची. वाचायला उभं केलं की अक्षराअक्षरावर अडखळायची, आणि बाईंनी पानावर हात ठेवला की खाली बघत गप्प राहायची. तिच्याकडे गाईड नव्हतं. तिनं 'माशा' हा शब्द लिहिला नव्हता, कारण तो प्रश्नच सोडून दिला होता.

पूर्वपरीक्षेच्या आधी तिची आई शाळेत आली. टोपली फाटकाबाहेर ठेवून, हात पदराला पुसत व्हरांड्याच्या पायरीवर उभी राहिली. वर या म्हटलं तर येईना. बाईच खाली उतरल्या. ती म्हणाली, "बाई, पोरगी पास झाली तर नर्सिंगला घालीन. नाय झाली तर माझ्याबरोबर बाजारात बसल. माझी जबरदस्ती नाय, पण दोन-दोन टोपल्या आता मला नाय उचलवत." तिच्या बोलण्यात ना राग ना गयावया. सरळ हिशोब होता. मंदाचं गणित मी बघत होतो, ते कसंबसं निभण्यासारखं होतं. मराठीतच काठावर होती पोरगी.

पूर्वपरीक्षेचे पेपर आम्ही आपापसांत बदलून तपासायचो, म्हणजे कुणी आपल्या वर्गावर मेहेरबानी करू नये. बाईंच्या वर्गाचे पेपर हेडसरांकडे गेले. मधल्या सुट्टीत ते हसत खोलीत आले. "बाई, तुमच्या पोरीनं शेतात जहाज आणलंय," म्हणाले, आणि मंदाचं उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं.

प्रश्न तोच होता, शेवटच्या वाक्यातून म्हाताऱ्याची कोणती मनःस्थिती दिसते. मंदानं लिहिलं होतं, म्हातारा बरा आहे. मुलगे न्यायला आले तरी तो आता जाणार नाही, कारण त्याने नांगर टाकला आहे. नांगर टाकल्यावर होडी वाऱ्याने वाहून जात नाही. म्हणून तो शांत बसला.

खोलीत हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला, पेपर घेतला, टेबलावर ठेवून दोनदा वाचला. मग पानावर हात ठेवून बसून राहिल्या. मला वाटलं, त्यांना बरं वाटत नाहीये.

"एकटीनं वाचलंन हो," त्या म्हणाल्या. "सगळ्या वर्गात एकटीनं."

हेडसर माणूस वाईट नव्हते. शाळेचा निकाल खाली आला की वरून बोलणी त्यांनाच बसायची. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, अहो, पण नांगर शेतातला आहे, होडीचा नाही. बाई म्हणाल्या, की इथे शेतातल्याला सगळे जोत म्हणतात, जोत धरलं, जोत सोडलं. नांगर म्हटलं की मांडवीच्या पोराला होडीचाच दिसणार. शब्द तिचा चुकला असेल, पण म्हातारा तिला दिसलाय. हेडसरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला मार्क द्यायला काय जातं, बाई? हे घ्या, देतो. पण बोर्डाचा परीक्षक देशावरचा निघाला तर तो देईल का?"

  चहा निवून गेला तरी बाईंनी कपाला हात लावला नाही.

शाळा सुटल्यावर त्यांनी मंदाला बोलावलं. मी टेबलाच्या माझ्या बाजूला वह्या तपासत होतो, म्हणजे हातात लाल पेन होतं आणि कान तिकडे होते. बाईंनी पेपर तिच्यापुढे ठेवला आणि विचारलं, हे कुठून आणलंस?

"कुठून नाय," मंदा म्हणाली. "वाचल्यावर तसाच वाटला."

देशावर शेतातल्या जोताला नांगर म्हणतात, हे बाईंनी तिला सांगितलं. मंदानं विचार केला. घाईनं मान नाही डोलावली, खरंच विचार केला. मग म्हणाली, जोत तर जोत. पण मग तो शांतपणे का बसला? खचलेला माणूस असा शांत बसतो का? तिचा आजा होडी फुटली तेव्हा दोन दिवस नुसता येरझाऱ्या घालत होता. त्याला कुणी बस म्हटलं तरी बसत नव्हता.

बाईंचा चेहरा मला दिसत होता. इतक्या वर्षांत तसा मी पाहिला नव्हता. पोर बक्षीस घेऊन घरी आलं की आईचा होतो तसा झाला होता. त्या काही बोलणार, तेवढ्यात मंदानं विचारलं, "बाई, मग बोर्डात काय लिहू?"

  बाहेर शिपाई वर्गांना कड्या घालत चालला होता, त्याचा आवाज जवळ आला आणि पुढे गेला. बाईंना काय दिसत होतं ते मी सांगू शकतो, कारण मलाही तेच दिसत होतं. फाटकाबाहेर ठेवलेली टोपली.

"बोर्डात लिही, तो हताश झाला होता, खचला होता," बाई म्हणाल्या. "नांगर शेतातला."

"आणि खरा काय?"

"आधी पास हो, बाय."

मंदानं मान डोलावली आणि गेली. दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःच्या पैशानं तिला गाईड आणून दिलं. ज्या बाईंनी जन्मभर पोरांच्या बगलेतून गाईडं काढून घेतली, त्या बाईंनी. त्या संध्याकाळी आम्ही चढ उतरत होतो तेव्हा म्हणाल्या, "सर, एक पोर जागं होतं. त्याला मीच थोपटून निजवलं." मी काहीतरी बोललो, की बाई, पोटापाण्याचा प्रश्न आहे, दुसरं काय करणार होता तुम्ही. खरंच होतं ते. पण खरं असून त्याचा काही उपयोग झाला नाही.

शेवटचे दोन महिने बाई मंदाला रोज शाळा सुटल्यावर बसवायच्या. पाठ म्हणून घ्यायच्या. मंदा न अडखळता म्हणायला लागली. हताश, खचलेली, विमनस्क, सगळे शब्द जिथल्या तिथे. बाई पानावर हात ठेवायच्या नाहीत. खिडकीबाहेर बघत ऐकायच्या आणि म्हणायच्या, "बरोबर. पुढचं."

मंदा पास झाली. पेढे नाहीत, पण तिची आई दोन सरंगे घेऊन बाईंच्या दारात गेली होती. बाई मासे खात नसत, म्हणून ते माझ्याकडे आले. मी अभिनंदन केलं तर म्हणाल्या, पोरगी मार्गाला लागली, बरं झालं. त्यांना आनंद झाला नव्हता असं नाही. झाला होता. पण तो त्यांना पेलवत नव्हता.

त्यानंतर शनिवारचा तास चालू राहिला, पेटीही तीच, पण बाईंनी पानावर हात ठेवणं सोडलं. मूल वाचायचं, थांबायचं, सवयीनं त्यांच्याकडे बघायचं. त्या "बस" म्हणायच्या. पोरांना अर्थात बरंच वाटलं. निकालही सुधारला. हेडसरांनी सभेत बाईंचं नाव घेतलं तेव्हा त्यांनी पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघितलं. मी नजर वह्यांत घातली.

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. बाई उभ्या राहिल्या आणि चारच वाक्यं बोलून बसल्या. मग आम्ही दोघं टेबल आवरत होतो. यजमानांची खोली मुंबईला होती, बाई आता तिकडे जाणार होत्या. इथे राहायचं होतं त्यांना, समुद्र सोडवत नव्हता, पण म्हातारपणी दोन ठिकाणी दोन चुली कुठवर ठेवणार? मी म्हटलं, सुटलात बाई एकदाच्या. त्या हसल्या.

"नांगर टाकला, सर," त्या म्हणाल्या. "कुठला, ते विचारू नका."

मी लोणच्याची बरणी त्यांना देऊन टाकली. पेटीतल्या पुस्तकांवरची धूळ त्यांनी पदरानं पुसली आणि किल्ली माझ्याकडे दिली. पुढच्या वर्षी तो तास इंग्रजीच्या जादा शिकवणीला गेला.

बाई मुंबईला दोन पावसाळे राहिल्या. तिसऱ्या वर्षी गणपतीला यजमान एकटेच आले. बाजारात भेटले. मी विचारायच्या आधीच म्हणाले, ती गेली हो चैत्रात. फार आजारी नव्हती. शेवटी शेवटी वाचायलाही नको म्हणायची, डोळे दुखतात म्हणायची. मी तिथेच दुकानाच्या फळीवर बसलो. मला खूप वाईट वाटलं. माणूस गेल्याचं तर वाटलंच, पण त्या मनात काय घेऊन गेल्या हे मला ठाऊक होतं, त्याचं जास्त वाटलं.

नंतर वर्षभरानं माझ्या आईला दवाखान्यात ठेवावं लागलं. मी उशाशी स्टुलावर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. पांढऱ्या साडीतली एक नर्स सलाईनची बाटली बदलायला आली आणि म्हणाली, "सर, ओळखलंत?" मी ओळखलं नव्हतं. टोपी, घड्याळ, बोलणं शहरी. मंदा होती.

आईची नाडी बघता बघता तिनं शाळेचं विचारलं, हेडसरांचं विचारलं, मग बाईंचं विचारलं. मी सांगितलं. ती बाटलीचे थेंब मोजत उभी राहिली, चिकटपट्टी नीट दाबली, चादर सारखी केली. तिचं काम संपलं होतं तरी ती गेली नाही.

"सर," ती म्हणाली, "तो म्हातारा खचलेला नव्हता. बाईंनी सांगितलान म्हणून मी बोर्डात तसा लिवला. पण मला ता कधीच पटला नाय." बोलणं एकदम मांडवीचं झालं होतं. "अजून रात्रपाळीत कधीतरी तो म्हातारा माझ्या डोळ्यांसमोर बसलेला असतो. पास झाले त्या दिवशीच बाईंना सांगणार होते. भीती वाटली, रागावतील."

रागावतील. बाई.

पलीकडच्या खाटेवरच्यानं हाक मारली आणि ती तिकडे गेली. माझ्या मांडीवर वर्तमानपत्र उघडंच होतं. सकाळपासून मी ते वाचत होतो, पहिल्या पानावरून शेवटच्या पानापर्यंत, दोनदा. मी पानावर हात पालथा ठेवला. काय झालं?

एक ओळ सांगता येईना.